दिल्ली गेटचे मैदान

१३ ऑगस्ट २००८. एएफसी चॅलेंज कप हैदराबादेत चालला होता. पावसाने तिथल्या मैदानाचा चिखल केला आणि अंतिम सामना ऐन वेळी दिल्लीला न्यावा लागला. तो झाला दिल्ली गेटजवळच्या महापालिकेच्या आंबेडकर स्टेडियमवर. सुनील छेत्रीने तीन गोल मारले, बायचुंग भुतियाने एक. ताजिकिस्तान ४-१ ने हरले आणि १९८४ नंतर पहिल्यांदाच भारत आशियाई चषकासाठी पात्र ठरला. आदल्याच वर्षी याच मैदानावर एन. पी. प्रदीपच्या एकुलत्या एक गोलने सीरियाला हरवून भारताने नेहरू चषक जिंकला होता. २००९ मध्ये पुन्हा सीरियाच समोर. या खेपेस पेनल्टी शूटआउट, आणि गोलरक्षक सुब्रत पालने राखलेला चषक. तीन वर्षांत तीन करंडक, तेही एकाच मैदानावर. भारतीय फुटबॉलच्या पत्रिकेत असे योग वारंवार येत नाहीत.

मग वारे फिरले. २०१२ चा नेहरू चषक जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली तीही तिथेच गेली, आणि दिल्ली गेटचे मैदान मागे पडले.

या मैदानाला पूर्वी कॉर्पोरेशन स्टेडियम म्हणत. जागा अशी की नवे स्टेडियम बांधायला निघालेल्या कुणालाही हेवा वाटावा. एका अंगाला जुन्या शहराचा दरवाजा, दुसऱ्या अंगाला फिरोजशाह कोटल्याचे क्रिकेट मैदान, पलीकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचा बहादूरशाह जफर मार्ग. २८ मे २०१७ पासून दिल्ली गेटचे मेट्रो स्थानकही हाकेच्या अंतरावर आले. फरिदाबादहून निघालेला प्रेक्षक गाडी न बदलता थेट इथे उतरू शकतो. शहराबाहेर कोट्यवधी रुपये ओतून जी सोय करावी लागते, ती इथे आयती आहे.

इतिहासही आयता आहे. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड चषक १९४० मध्ये दिल्लीला आला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचे सामने या मैदानावर रंगले. मराठी वाचकाला त्यातला एक सामना खास वाटेल: २०१२ ची अंतिम लढत एअर इंडिया आणि डॉडसाल या दोन मुंबईकर संघांत झाली. निकाल पेनल्टीवर लागला, चषक एअर इंडियाने नेला. मुंबईचे भांडण मिटवायला दिल्लीचे मैदान, असा तो प्रकार होता! आता ड्युरँडचा मुक्काम पूर्वेकडे आहे. २०१९ पासून त्याचे मुख्य घर कोलकाता. १९६० पासून खेळल्या जाणाऱ्या शालेय सुब्रतो चषकानेही हे मैदान खूप गाजवले आहे.

विकास म्हटले की नजर लगेच क्षमतेच्या आकड्याकडे जाते. या स्टेडियमची क्षमता वीस हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत काहीही सांगितली जाते. त्यात नवल नाही. सिमेंटच्या पायऱ्यांवर माणसे किती मावतात हे त्यांनी किती दाटीवाटी सोसली यावर ठरते. पण आकड्याचा हा मोह दिल्लीला एकदा महागात पडला आहे. दिल्ली डायनामोज हा सुपर लीगमधला संघ साठ हजारांच्या नेहरू स्टेडियममध्ये खेळे. मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब. आठ-दहा हजार आले तरी स्टेडियम ओसाड दिसायचे. २०१९ मध्ये संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला.

मुंबईने उलटे केले. मुंबई सिटी एफसी पहिली दोन वर्षे नेरूळच्या अवाढव्य डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळली आणि २०१६ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आली. हेही महापालिकेचेच मैदान, जेमतेम सात-आठ हजार खुर्च्यांचे. जून २०१८ मध्ये चायनीज तैपेईविरुद्ध भारताचा सामना पाहायला तिथे अवघे अडीच हजार लोक होते. छेत्रीने समाजमाध्यमावर हात जोडून लोकांना मैदानावर बोलावले, आणि तीनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला तिकीट मिळेना. त्या रात्री दूरचित्रवाणीवर जे भरगच्च स्टेडियम दिसले ते छोटे होते म्हणूनच भरगच्च दिसले. आंबेडकर स्टेडियमला वाढवण्याची नव्हे, नीट आवरण्याची गरज आहे: पंधरा हजार खऱ्या खुर्च्या, पश्चिमेच्या बाजूला छप्पर, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि पुरेशी स्वच्छतागृहे. यातली शेवटची गोष्ट आराखड्यात नेहमी शेवटी येते. ती पहिली यायला हवी.

वाढवायचे म्हटले तरी ते सोपे नाही. दिल्ली गेट आणि फिरोजशाह कोटल्याचे अवशेष ही दोन्ही संरक्षित स्मारके. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घेऊनच करता येते. इथे वीट रचण्याआधी फीत धरावी लागते. त्यात मालक महापालिका; २०१२ मध्ये तिचे तीन तुकडे झाले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा सांधले गेले. अशा काळात स्टेडियमच्या फाइलकडे कुणाचे किती लक्ष गेले असेल, हे कुठल्याही पालिकेत खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको.

खरा खर्च जमिनीखाली आहे. जुलै २०२३ मध्ये यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली तेव्हा पाणी राजघाट आणि आयटीओपर्यंत आले होते. ही दोन्ही ठिकाणे मैदानाच्या शेजारची. म्हणजे १०५ बाय ६८ मीटरच्या हिरवळीखाली वाळू, खडी आणि नळ्यांचे जाळे नीट बसवल्याशिवाय वरच्या दिव्यांना आणि खुर्च्यांना अर्थ नाही. नैसर्गिक गवत रोज दोन-तीन सामने सोसत नाही, आणि स्थानिक लीगला तर रोज सामने हवे असतात. मुंबईत कूपरेजने कृत्रिम हिरवळ घालून हा गुंता सोडवला. गुडघ्यांच्या तक्रारी आल्या, पण पावसाळ्यातही मैदान चालू राहिले.

आणि मैदान चालू ठेवायला माणसे आहेत का? आहेत. दिल्लीचे फुटबॉल बाहेरून आलेल्यांनी आणि जुन्या शहरातल्या गल्ल्यांनी मिळून जगवले. १९५३ मध्ये स्थापन झालेला गढवाल हीरोज पहाडातून पोटासाठी आलेल्यांचा. सिमला यंग्जच्या नावातच त्याचे गाव. सिटी आणि यंगमेन पुरानी दिल्लीचे. कोल्हापूरच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. तिथे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर भिडले की पेठाच्या पेठा उन्हात पायऱ्यांवर येऊन बसतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून दिल्लीत खेळला. फरक इतकाच की कोल्हापूरच्या पेठेला आपले मैदान कुठले ते ठाऊक आहे. दिल्लीच्या क्लबांना मात्र यंदा कुठल्या मैदानावर खेळायचे, याची खात्री नसते.

पाहुणेही कमी नाहीत. पंजाब एफसीसारखा संघ सुपर लीगमधले आपले ‘घरचे’ सामने दिल्लीत येऊन खेळला. नेहरू स्टेडियम पाडून तिथे क्रीडानगरी उभारण्याचा विचार केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केला. तो अमलात आला तर बांधकामाची ती सगळी वर्षे राजधानीतल्या मोठ्या सामन्यांसाठी दिल्ली गेटकडेच पाहावे लागेल.

फक्त वेळापत्रक दिल्लीच्या हवेकडे पाहून आखावे लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरात धुरक्यात मुलांना पळवणे म्हणजे क्रूरपणा. मे-जूनमध्ये दुपारी सिमेंटच्या पायरीवर कुणी बसू धजत नाही. उरतात ते फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळा सरताना मिळणारे काही आठवडे. मार्चअखेरीस पुन्हा शेजारच्या कोटल्यावर आयपीएलचे दिवे लागतात, आणि दोन्ही स्टेडियमचे प्रेक्षक उतरतात ते दिल्ली गेट या एकाच स्थानकावर.