मनगटी पट्ट्याचे आंकडे कसे वाचावे

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, अकोट)

पुण्या-नागपुरास नोकरीस असलेले मुलगे दिवाळीस घरीं येतांना हल्लीं वडिलांसाठीं धोतरजोडीऐवजीं मनगटावर बांधावयाचा एक पट्टा घेऊन येतात. अकोट तालुक्यांतील बऱ्याच काश्तकारांच्या हातावर तो आतां दिसूं लागला आहे. हा पट्टा दिवसभराचीं पावलें, हृदयाचे ठोके, रात्रीची झोप, रक्तांतील प्राणवायु, खर्च झालेल्या कॅलरी असे नाना प्रकारचे आंकडे मोबाइलवर पाठवितो. ते पाहून कोणी हुरळून जातो, कोणी विनाकारण घाबरतो, आणि पुष्कळजण महिनाभरानें पट्टा खुंटीस टांगून मोकळे होतात. मंडळाच्या दोन-तीन सभासदांनीं याविषयीं मला विचारलें, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नव्हे. माझें शिक्षण मराठी शाळेंतील, व सारी नोकरी तहसील कचेरींत तक्ते भरण्यांत गेली. परंतु कोणता आंकडा मोजून लिहिलेला व कोणता अंदाजानें लिहिलेला हें ओळखण्याची संवय त्या नोकरीनें लावली, आणि या पट्ट्याच्या बाबतींत हीच ओळख सर्वांत अधिक उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

पैसेवारी आपणां सर्वांस ठाऊक आहे. खरिपाची पैसेवारी प्रथम नजरअंदाजानें निघते, मग ती सुधारली जाते, व शेवटीं पीक कापणी प्रयोगांत ठराविक तुकड्यांतील पीक प्रत्यक्ष तोलून अंतिम पैसेवारी जाहीर होते. सारे आंकडे एकाच तऱ्हेच्या तक्त्यांत व एकाच शाईनें लिहिलेले असतात. पण त्यांचें वजन सारखें नसतें. ५० पैशांच्या वर-खालीं गांवाचा टंचाईचा हक्क ठरत असल्यामुळें हा भेद शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. मनगटी पट्टाही मोजलेला व अंदाजलेला आंकडा एकाच पडद्यावर, सारख्याच ठळक अक्षरांत दाखवितो. कोणता कोणत्या जातीचा, हें मात्र तो सांगत नाहीं.

बहुतेक पट्टे मुळांत दोनच गोष्टी टिपतात. एक हाताची हालचाल, व दुसरी कातडीवरून परत येणारा प्रकाश. पट्ट्यांतील एक बारीक तुकडा तिन्ही दिशांचे हिसके नोंदतो, आणि चालतांना हात झुलण्याची जी लय असते तिच्यावरून पावलें मोजतो. पट्टा उलटा करून पाहिल्यास हिरवा दिवा लुकलुकतांना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. ठोका पडला कीं कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त वाढतें व परतणारा प्रकाश कमी होतो; दोन ठोक्यांच्या मध्यें तो पुन्हा वाढतो. या चढउतारांची गणती म्हणजेच नाडी. आपले वैद्य नाडी बोटांनीं पाहत. शार्ङ्गधरसंहितेंत तिच्या गतीस सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली आहे. पुढें १७०७ सालीं जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें एक मिनिट चालणाऱ्या घड्याळावर नाडी मोजण्याची रीत ग्रंथरूपानें मांडली. पट्टा तेंच काम बोटांऐवजीं प्रकाशानें करतो. बाकीचे बहुतेक आंकडे या दोन मापांवर गणित चालवून काढलेले असतात.

प्रथम पावलांचा आंकडा घेऊं. गेल्या श्रावणांत मीं पट्टा बांधून स्वतः डवरा धरला. ओळींत तीन फूट अंतर असलेल्या एक एकर कपाशींत एकवार डवरा फिरवावयाचा म्हणजे ४३,५६० चौरस फुटांस तीननें भागून १४,५२० फूट, अर्थात् जवळजवळ साडेचार किलोमीटर चाल झाली. पाऊल अडीच फुटांचें धरलें तर ५,८०० पावलें व्हावयास पाहिजेत. पट्ट्यानें दोन हजारही दाखविलीं नाहींत! कारण उघड आहे. हात रुमण्यावर रोवलेला होता, तो झुलत नव्हता. डोक्यावरील भारा हातानें सांवरून चालणाऱ्या बाईचीही हीच गत होते. उलट, दुचाकीवरून खाचखळग्यांतून पोपटखेडपर्यंत जाऊन आलों, तों न चाललेलीं कांहींशें पावलें माझ्या खात्यांत जमा. म्हणून शेतावरील कष्टाचें माप पट्ट्याच्या पावलांनीं करूं नये. मोकळ्या हातानें रस्त्यानें चालतांना मात्र ही गणती बरीच खरी उतरते. शंभर पावलें तोंडानें मोजून कोणासही ताळा पाहतां येईल.

रोज १०,००० पावलें झालींच पाहिजेत असा पुष्कळांचा समज आहे. हा आंकडा कोणा वैद्यकसभेनें ठरविलेला नाहीं. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ सालीं, जपानांत एक पावलें मोजण्याचें यंत्र विकावयास आलें. त्याच्या नांवाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचें माप’ असा होता. विक्रीसाठीं घेतलेलें नांव पुढें जगभर नियम होऊन बसलें. २०१९ सालीं अमेरिकेंत सरासरी ७२ वर्षें वयाच्या सुमारें १६,७०० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज २,७०० पावलें चालणारींपेक्षां ४,४०० चालणारींत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें, व हा फरक ७,५०० च्या सुमारापर्यंत वाढत जाऊन पुढें स्थिरावला. (आजारी माणूस मुळांतच कमी चालतो, ही गोष्टही येथें ध्यानांत ठेवावी.) जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० च्या सूचनांत पावलें सांगितलींच नाहींत, आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. ज्यांचा वखर-डवरा अजून स्वतःच्या हातीं आहे त्यांनीं ऐन हंगामांत पावलांमागें लागण्याचें कारण नाहीं. पण ज्यांनीं शेत मक्त्यानें देऊन ओट्यावर बैठक मारली आहे, त्यांनीं, व माझ्यासारख्या पेन्शनरांनीं, हा आंकडा रोज अवश्य पाहावा. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यांत माझीं पावलें कचेरीच्या दिवसांपेक्षां निम्म्यावर आलीं होतीं, आणि मला तें मुळींच जाणवलें नव्हतें.

आतां नाडी. या पट्ट्यांतील सर्वांत मोलाचा आंकडा माझ्या मतें हाच, आणि त्यांतही विश्रांतीची नाडी, म्हणजे झोपेंत किंवा सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वींची. प्रौढ माणसाची विश्रांतीची नाडी सामान्यतः मिनिटास ६० ते १०० असते. परंतु या विस्तृत पट्ट्यापेक्षां आपली स्वतःची नेहमीची नाडी कोणती, हें ठाऊक असणें अधिक कामाचें. मी तीन महिने रोज पहाटेचा आंकडा एका वहींत लिहिला. तो ६२ ते ६५ मध्यें राहिला. गेल्या वैशाखांत तो लागोपाठ तीन दिवस ७०, ७२, ७३ असा चढला. चवथ्या दिवशीं मला ताप भरला. ७३ हा आंकडा कोणत्याही पुस्तकांत निर्दोषच ठरेल, पण माझ्या वहींत तो वेगळा दिसला. ताप, जागरण, दारू, काळजी, अंगांतील पाणी कमी होणें, यांपैकीं कशानेंही ही नाडी चढते. एका दिवसाच्या चढण्यास महत्त्व देऊं नये. चार-पांच दिवस चढलेली राहिली तर कारण शोधावें.

श्रमांतील नाडीविषयीं एक ढोबळ सूत्र आहे. २२० मधून वय वजा केलें म्हणजे नाडीची कमाल मर्यादा येते, व तिच्या ५० ते ७० टक्क्यांत मध्यम श्रम होतात. ५८ वर्षांच्या माणसास ही कमाल १६२ व मध्यम श्रम ८१ ते ११३. सूत्र सरासरीचें आहे, माणसागणिक त्यांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षां सोपी खूण अशी कीं, चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें पण अभंग म्हणतां येऊं नये. तो मध्यम श्रम समजावा. वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हां तेंच काम, तोच वेग, पण नाडी पुष्कळ चढते, कारण शरीर थंड राखण्यासाठीं हृदयास कातडीकडेही जास्त रक्त पाठवावें लागतें. अशा वेळीं आंकडा चढलेला दिसल्यास सावलींत बसावें व पाणी प्यावें. आंकडा चढला नाहीं म्हणून ऊन बाधणार नाहीं असें मात्र समजूं नये; पोटांतील उष्णता पट्ट्यास मोजतां येत नाहीं.

पट्टा सैल असला, घामानें घसरला, किंवा खालीं गोंदण असलें तर प्रकाशाची गणती बिघडते. आमच्याकडील वडीलधाऱ्या बायकांच्या मनगटांवर गोंदण बहुधा असतेंच. त्यांनीं पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, गोंदण चुकवून बांधावा, व बांगड्या त्यावर घासणार नाहींत असें पाहावें. शंका आल्यास दोन बोटांनीं नाडी धरून तीस सेकंद मोजावी व दुप्पट करावी.

कॅलरींविषयीं फार लिहिण्याची जरूर नाहीं; ती निव्वळ नजरअंदाज पैसेवारी आहे. स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१७ सालीं सात प्रकारचे पट्टे ६० माणसांवर तपासले. त्यांपैकीं सहांची नाडीच्या मापांतील चूक ५ टक्क्यांच्या आंत होती. पण कॅलरींत सर्वांत चांगला पट्टा सरासरी २७ टक्के व सर्वांत वाईट ९३ टक्के चुकला. हें वाचण्यापूर्वीं मी रोज संध्याकाळीं त्या आंकड्यांच्या भरंवशावर एक पोळी अधिक खात असें.

झोपेच्या आंकड्यांत ‘निजलों केव्हां व उठलों केव्हां’ एवढें साधारण खरें मानावें. गाढ झोप किती व स्वप्नांची किती हें ठरविण्याची खरी रीत डोक्यास तारा लावून मेंदूच्या लहरी पाहण्याची. पट्टा तें हालचाल व नाडी यांवरून ताडतो. निश्चल पडून राहिलेल्या जागत्या माणसासही तो निजलेला समजतो. रात्रपाळीच्या विजेमुळें ज्यांस ओलितासाठीं मध्यरात्रीं उठावें लागतें, किंवा रानडुकरांमुळें जागल करावी लागते, त्यांच्या तुकड्यातुकड्यांच्या झोपेचा हिशेब तर फारच गडबडतो. अशांनीं आठवड्याची बेरीज पाहावी. पट्ट्यानें सकाळीं झोपेस ‘५४ गुण’ दिले म्हणून दिवसभर मरगळून बसणारा एक गृहस्थ मला ठाऊक आहे. तो आधीं बरा होता.

प्राणवायूच्या आंकड्यास जपून घ्यावें. दवाखान्यांत बोटास लावावयाचीं यंत्रेंसुद्धां काळ्या वर्णाच्या रोग्यांत खरी उणीव अधिक वेळां चुकवितात, असें २०२० सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. मनगटावरील मापाचा भरंवसा त्याहूनही कमी. रक्तदाब दंडास पट्टी गुंडाळूनच मोजवून घ्यावा. आणि रक्तांतील साखर सुई न टोचतां दाखवितों असें म्हणणारें घड्याळ कोणीं विकावयास आणल्यास घेऊं नये. असें एकही घड्याळ आम्हीं मंजूर केलेलें नाहीं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला. त्या आंकड्यावर इन्सुलिनची मात्रा घेतल्यास प्राणावर बेतेल. शेजाऱ्याचा एक अगदीं स्वस्त पट्टा मीं गंमत म्हणून केळ्यास बांधून पाहिला. त्यानें केळ्याचे ठोके ७८ दाखविले! नवीन पट्टा घेणारांनीं हा प्रयोग पहिल्याच दिवशीं करावा. केळें वायां जात नाहीं.

कांहीं घड्याळें नाडी अनियमित असल्याची सूचना देतात. ही सूचना उपयोगी आहे, पण ती निदान नव्हे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणींत सुमारें ४ लाख १९ हजार लोकांपैकीं अर्ध्या टक्क्यास अशी सूचना मिळाली. त्यांतील ज्यांची पुढें छातीस पट्टी लावून तपासणी झाली, त्यांपैकीं ३४ टक्क्यांत तो विकार त्या वेळीं आढळला. सूचना आल्यास घाबरून न जातां ईसीजी काढून घ्यावा.

शेवटीं एक घडलेली गोष्ट सांगतों. आमच्या गल्लींतील एक काश्तकार, वय सत्तावन्न, गेल्या मार्गशीर्षांत वेचणीचा कापूस गाडींत भरतांना छातींत दडपल्यासारखें होऊन घरीं आले. डावा खांदा दुखत होता, घाम सुटला होता. मुलानें पट्टा पाहिला. ठोके ८८, प्राणवायु ९७. सर्वांस हायसें वाटलें; पित्त झालें असेल म्हणून सोडा दिला. त्यांत मीही होतों, व माझ्या पट्ट्याच्या अभ्यासाचा त्या दिवशीं मला गर्वच होता. असे साडेतीन तास गेले. अकोल्यास नेलें तेव्हां ईसीजींत हृदयविकाराचा झटका निघाला. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली तरी ठोक्यांची संख्या कांहीं काळ अगदीं नेहमीसारखी राहूं शकते, आणि पट्टा मोजतो ती फक्त संख्या. वाहिनीची स्थिति त्याला दिसत नाहीं. डॉक्टरांनीं आम्हांस विचारलें, ‘१०८ ला फोन कां केला नाहीं?’ कोणाजवळच उत्तर नव्हतें.

ते गृहस्थ वांचले, परंतु हृदयाचा कांहीं भाग दुबळा झाला. आतां डवरा धरवत नाहीं, शेत पुतण्या पाहतो. पट्टा त्यांनीं टाकला नाहीं. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असल्यानें त्यांची विश्रांतीची नाडी ५६ पर्यंत उतरते, व पट्टा कधीं कधीं मध्यरात्रीं धोक्याची सूचना वाजवितो. डॉक्टरांनीं त्यांच्यापुरती निराळी मर्यादा ठरवून मोबाइलमध्यें भरून दिली आहे, आणि २२० चें सूत्र त्यांस लागू नाहीं असें बजाविलें आहे. दर महिन्याच्या तपासणीस ते मोबाइल न नेतां वही नेतात. तारीख, पहाटेची नाडी, चाललेलीं मिनिटें, आणि ‘कसें वाटलें’ असे चार रकाने मीं त्यांना आंखून दिले. डॉक्टर चवथा रकाना आधीं वाचतात.