लंगोटाचे वजन

पैठणहून छत्रपती संभाजीनगर साधारण 50 किलोमीटर. दिवस भरण्याआधी जन्मलेले किलोभराचे बाळ 108 रुग्णवाहिकेतून घाटी रुग्णालयात नेताना सगळ्यांचे लक्ष त्याच्या श्वासावर आणि अंग गार पडू नये यावर असते, आणि तसेच असायला हवे. मूत्रपिंडे बिघडतात ती गुपचूप. म्हणून बाळासोबत त्याच्या लघवीची आणि दिलेल्या औषधांची वेळेसकट नोंद गेली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. लघवी मोजायला ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो.

मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भात 34 ते 36 आठवड्यांपर्यंत तयार होत असतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाचे हे काम अर्धेच झालेले असते, आणि त्यावर जंतुसंसर्ग, उतरलेला रक्तदाब, जेंटामायसिनसारखी औषधे असे सगळे एकदम येऊन पडते. रक्तातले क्रिएटिनीन तपासावे, तर सुरुवातीच्या दिवसांत तो आकडा बराचसा आईचाच असतो. शिवाय एवढ्याशा जिवात रक्त जेमतेम 80-90 मिली. नमुने काढायचे तरी किती? म्हणून सिस्टर कोरडा लंगोट तोलते, भिजला की लगेच पुन्हा तोलते आणि वजाबाकी तक्त्यात लिहिते. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. पहिला दिवस उलटल्यावर किलोच्या बाळाचे तीन तासांत तीन ग्रॅमही भरले नाहीत, तर डॉक्टरांना बोलवायचे.

शी मिसळते, वॉर्मरखाली ओल उडून जाते, हे आक्षेप खरेच आहेत. त्याहून वजनदार आक्षेप असा, की पुष्कळ बाळांना लघवी व्यवस्थित होत असतानाही मूत्रपिंडांना इजा झालेली असते. मान्य, म्हणूनच क्रिएटिनीनला सुट्टी नाही, फक्त एका आकड्यावर न थांबता 48 तासांत ते 0.3 mg/dL ने चढले का, हे पाहायचे. भारतासह चार देशांतल्या ‘अवेकन’ अभ्यासात (2017) अतिदक्षता विभागातल्या सुमारे 30 टक्के बाळांत ही इजा आढळली. 29 आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत जवळजवळ निम्म्यांत. राहिला प्रश्न वेळेचा. एका सिस्टरकडे अनेक बाळे असतात, हे खोटे नाही. पण लंगोट बदलावा लागतोच, आणि त्या वजनावर सलाईन किती द्यायचे, औषधाचा पुढचा डोस लांबवायचा का, हे ठरते. हीच नोंद पुढेही लागते: घरी सोडताना कार्डावर इजेचा उल्लेख राहून गेला, तर पैठणला परतलेल्या त्या मुलाचे बीपी पुढे कोणी मोजणार नाही; दुखण्यावर गोळी लिहिणाऱ्यालाही मूत्रपिंड जपायचे आहे हे कळणार नाही.