एका पेशीतल्या डीएनएच्या प्रती कशा मोजतात?

आज आपण एकच प्रश्न घेऊ: एका पेशीत एखाद्या जनुकाच्या किती प्रती आहेत, हे संगणकाला कसं कळतं?

निरोगी पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. कर्करोगात हा हिशेब बिघडतो. काही तुकडे गळतात, काहींच्या प्रती वाढतात. स्तनाच्या काही कर्करोगांत १७व्या गुणसूत्रावरच्या हर-२ जनुकाच्या प्रती खूप वाढतात. ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं का, हे ठरवताना या प्रती किंवा त्यांपासून बनणारं प्रथिन तपासतात.

मग एकेक पेशी वेगळी कशाला वाचायची? आपण मानखुर्दला आहोत, तर हार्बर लाइनचंच उदाहरण घेऊ. बारा डब्यांची सरासरी गर्दी काढली, तर एका डब्यात पाय ठेवायला जागा नाही हे त्या आकड्यात दिसणार नाही. गाठीचंही तसंच आहे. औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी सरासरीत लपतात, आणि पुढे आजार उलटू शकतो तो त्यांच्यामुळे. निकोलस नेविन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्तनाच्या एका गाठीतल्या १०० पेशी वेगवेगळ्या वाचल्या, तेव्हा त्या एकाच गाठीत कर्कपेशींचे तीन वेगळे गट सापडले.

आता मोजणी. ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले साधारण सहा भाग एवढाच डीएनए एका पेशीत असतो. वाचण्याआधी तो वाढवावा लागतो, आणि ही वाढ सगळीकडे सारखी होत नाही. इथे जिंकगोसारखं सॉफ्टवेअर कामाला येतं. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. जिनोमची ३०० कोटी अक्षरं समजा ५-५ लाखांच्या कप्प्यांत विभागली, तर सुमारे ६,००० कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात वाचलेले किती तुकडे पडले ते सॉफ्टवेअर मोजतं. जी आणि सी या अक्षरांच्या कमी-जास्त प्रमाणामुळे आलेला फरक दुरुस्त करतं. मग शेजारचे सारखे कप्पे जोडून सलग पट्टे करतं.

शेवटची पायरी मात्र अवघड आहे. समजा, पट्ट्यांची प्रमाणं ०.५, १ आणि १.५ अशी निघाली. अर्धी प्रत असू शकत नाही, म्हणून पूर्णांक येईल अशा आकड्याने गुणायचं. २ ने गुणलं तर १, २, ३. पण ४ ने गुणलं तर २, ४, ६, तेही पूर्णांकच! पेशीचा सगळा जिनोम कधी दुप्पट झाला असेल, तर दुसरं उत्तर खरं असू शकतं. नुसत्या प्रमाणांवरून हे ठरत नाही. म्हणून पेशीतला एकूण डीएनए फ्लो सायटोमीटरवर वेगळा मोजतात आणि तो आकडा सॉफ्टवेअरला देतात.

तेव्हा पडद्यावर लाल-निळा नकाशा दिसला, की आपण आधी विचारायचं: एकूण डीएनए मोजला होता का? नसेल, तर पेशींचे गट पाहायला नकाशा उपयोगी आहेच. पण त्यावरचा प्रतींचा आकडा अंदाज म्हणूनच वाचायचा.