परदेशी शिक्षणाची लागण आडसालीच!



गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी घेत असताना एक सभासद गट ऑफिसात आले. नोंद राहिली बाजूला. खिशातला कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "साहेब, पोराचं परदेशाचं काम झालं बघा. आठ दिवसांत पैसे भरायचेत. दोन एकराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

कागद इंग्रजीत होता. आम्ही तो सावकाश वाचला. प्रवेश मिळाला होता खरा, पण सशर्त. इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण मिळाले तरच तो पक्का होणार होता. मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा. परीक्षा त्याने दिलीच नव्हती! "आधी पैसे भरा, नाहीतर सीट जाईल," असे एजंटाने सांगितलेले. जमिनीचा व्यवहार त्या दिवशी थांबला म्हणून बरे. एकदा विकलेले रान परत येत नसते.

आमचा परदेशी शिक्षणाला विरोध आहे असे कुणी समजू नये. डॉ. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. तिथे त्यांनी भारताच्या औद्योगिक वाटचालीवर लिहिलेला प्रबंध 1924 साली पुस्तकरूपाने निघाला. पुढे हेच गाडगीळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. आज आपण ज्या सहकाराचे भागधारक आहोत, त्याच्या पायात परदेशी शिकलेल्या माणसाची विद्या आहे. तेव्हा पोरांनी जरूर जावे. मात्र लागणीआधी माती तपासतो, बेणे पारखतो, तसे इथेही करावे.

पहिली गोष्ट वेळेची. जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथले मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होते. पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरला जायचे तर यंदाच्या आडसालीबरोबरच तयारीला लागावे. भाषेची परीक्षा, गुणपत्रके, अर्ज, व्हिसा यांत वर्ष कसे जाते कळत नाही. नोव्हेंबर 2022 पासून आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस नावाचा कागदपत्र-पडताळणीचा दाखलाही लागतो. आठ दिवसांत काम करून देतो म्हणणारा भेटला, तर तिथेच सावध व्हावे.

दुसरी गोष्ट पैशाची. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरे. पण काही ठिकाणी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो पडतात. शिवाय वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच बंद खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो झाली. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या घरात गेले. त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. म्हणजे "फुकट शिक्षण" ऐकून हुरळून जाऊ नये.

"तिकडं काम करून फी भागवतो," असे पोरे म्हणतात. त्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, तेही विद्यापीठाच्या आवारात. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून पंधरवड्याला 48 तास. एवढ्यात हातखर्च निघेल, फी निघेलच असे धरू नये.

तिसरी गोष्ट कर्जाची. सातबारा पुढे केला की बँक कर्ज देईल असा अनेकांचा समज असतो. 2002 च्या सरफेसी कायद्याने वसुली करताना शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेव मागतात. मग माणूस खाजगी सावकाराकडे वळतो, नाहीतर रान विकतो. त्याआधी शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. जर्मनीसाठी डाड या संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत.

शेवटची गोष्ट एजंटाची. सगळेच लबाड नसतात. पण बऱ्याच एजंटांना कॉलेजकडून कमिशन मिळते, हे ध्यानात ठेवावे. 2023 साली पंजाबातल्या कित्येक मुलांवर कॅनडातून परत पाठवले जाण्याची पाळी आली, कारण एजंटाने दिलेली प्रवेशपत्रेच खोटी निघाली. मुले तिथे शिकून नोकरीला लागल्यावर हे उघडकीस आले! म्हणून प्रवेशपत्र खरे की खोटे, हे मुलाने स्वतः विद्यापीठाला पत्र पाठवून विचारावे. फी थेट विद्यापीठाच्या खात्यावर भरावी. पैसे परत मिळण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

त्या सभासदांचा मुलगा दोन महिने बापाशी धड बोलला नाही. आमच्यावरही त्याचा राग होताच. नंतर मात्र अभ्यासाला बसला, परीक्षा पास झाला आणि आता स्वतःच अर्ज भरतो आहे. ते दोन एकर रानही शाबूत आहे. त्यात आडसाली उभी असून यंदाच्या गळिताला येईल.

सभासदांना विनंती एवढीच की, सही करण्यापूर्वी आणि पैसे भरण्यापूर्वी कागद चार जाणत्या माणसांकडून वाचून घ्यावा. गट ऑफिसात आणलात तर आम्हीही वाचून देऊ. ऊसनोंदीच्या वेळी आलात तरी चालेल.