सुई टोचली, तर पहिले दोन तास मोलाचे

सोलापूर-धुळे महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या गावात अपघाताचा जखमी दवाखान्यात येतो, तेव्हा परिचारिका आधी रक्तस्राव थांबवते. रुग्णाला एचआयव्ही आहे का, हे तिला ठाऊक नसते. त्या घाईत वापरलेली सुई बोटात शिरली तर?

घाबरण्याआधी आकडा पाहू. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बी लागण्याचा धोका मात्र 30 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून ती लस प्रत्येक कर्मचाऱ्याने घ्यावीच.

सुई टोचल्यास बोट पिळू नये, तोंडात घालू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे. डॉक्टरांना लगेच सांगावे. एचआयव्हीचा विषाणू शरीरात पसरण्यापूर्वीच त्याची वाढ रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू करावी लागतात. ती 28 दिवस न चुकता घ्यायची, पुढे ठरल्या वेळी रक्त तपासायचे.

सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती थेट भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. सफाई कामगारांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सुरक्षेची साधने व ही औषधे पुरवणे आरोग्य संस्थांवर बंधनकारक केले आहे. म्हणून ताई-दादांनो, सुई टोचली तर लपवू नका. शंका असल्यास 1097 वर मोफत फोन करा.