जरेची गती आणि सापेलो बेटावरील ओपॉसम

जरा ही स्वभावबलप्रवृत्त व्याधी होय, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आणि तिचे कालज व अकालज असे दोन भेद मानले. शरीराचे योग्य रक्षण करूनही यथाकाल येते ती कालज. रक्षणाअभावी अवेळी येते ती अकालज. रसायनचिकित्सा करणाऱ्या आपणां सर्वांपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. आपण केवळ अकालज जरा टाळतो, की कालज जरेची गतीही मंद करू शकतो? या दोन गोष्टींतील भेद अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्टीव्हन ऑस्टॅड यांच्या कार्यातून स्पष्ट होतो. म्हणून त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

वनातील वार्धक्य

ओपॉसम हा मांजराएवढा, पोटावरील पिशवीत पिले वाढविणारा अमेरिकेतील प्राणी. 1980 च्या दशकात व्हेनेझुएलात काम करताना ऑस्टॅड त्याच त्या माद्या पुन्हा पुन्हा पकडून तपासत असत. काही महिन्यांपूर्वी धष्टपुष्ट असलेल्या माद्यांना मोतीबिंदू झालेला, त्यांचे मांस क्षीण झालेले त्यांना आढळले. इतक्या झपाट्याने येणाऱ्या या वार्धक्याचे कारण काय, हा त्यांच्या पुढील शोधाचा विषय ठरला.

पीटर मेडावार (1952) व जॉर्ज विल्यम्स (1957) यांनी याचे तात्त्विक उत्तर मांडले होते. जेथे बाह्य कारणांनी लवकर मृत्यू ओढवण्याचा संभव अधिक, तेथे उतारवयातील शरीररक्षणाचा लाभ थोड्यांनाच मिळतो. अशा ठिकाणी लवकर व विपुल प्रजोत्पादन करणारी प्रकृती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिची किंमत म्हणजे शीघ्र जरा. हे खरे असेल, तर शिकारी प्राणी नसलेल्या जागी जरा मंद झालेली दिसली पाहिजे.

बेट आणि मुख्य भूमी

जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील सापेलो बेट काही हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून अलग झाले. तेथे ओपॉसमची शिकार करणारे मोठे सस्तन प्राणी नव्हते. ऑस्टॅड यांनी तेथील व दक्षिण कॅरोलिनातील माद्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून त्यांची तुलना केली. मुख्य भूमीवर निम्म्याहून अधिक मृत्यू शिकारी प्राण्यांमुळे होत होते.

1993 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेटावरील माद्यांचे सरासरी आयुष्य सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होते. मुख्य भूमीवर एका वेळी सरासरी सात ते आठ पिले होत, तर बेटावर पाच ते सहा. मात्र शिकारी नसल्याने सरासरी आयुष्य वाढणे स्वाभाविकच होते. म्हणून ऑस्टॅड यांनी शेपटीच्या कंडरांतील कोलॅजनही तपासले. वयाबरोबर त्यात होणारे बदल बेटावरील प्राण्यांत अधिक संथ होते. म्हणजे केवळ मृत्यू टळला नव्हता, शरीराची जीर्ण होण्याची गतीच मंदावली होती.

हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे सोडले जाणारे गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिका व त्रिनिदाद परिसरातील. शिकारी मासे अधिक असलेल्या प्रवाहांतील गप्पींमध्ये जरा लवकर आलेली नाही, असे डेव्हिड रेझनिक व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखविले.

आपल्यासाठी बोध

सापेलोवरील बदल अनेक पिढ्यांनी घडला. तो एका रुग्णाच्या आयुष्यात एखाद्या औषधाने घडेल, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. तरीही या कामाची पद्धती आपण अवश्य घ्यावी. हरीतकी, आमलकी, गुडूची, पुनर्नवा ही चरकोक्त वयःस्थापन द्रव्ये आपण नित्य वापरतो. परंतु त्याच रुग्णाची मुठीची पकड, चालण्याचा वेग, दृष्टी व सांध्यांची हालचाल दरवर्षी त्याच रीतीने मोजून नोंदविणारे चिकित्सालय विरळाच. रुग्णास बरे वाटले, एवढ्यावर जरेची गती मंदावली असे म्हणता येत नाही.

औषधनिर्मात्या बंधूंसही आमची विनंती आहे की, वेष्टनावर ‘वार्धक्य थांबवते’ असे छापण्यापूर्वी कोणती जरा, किती काळात आणि कशाने मोजली, याचे उत्तर आपल्या दप्तरी असावे. रसायनतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे. त्याची प्रतिष्ठा जाहिरातीतील शब्दांनी वाढणार नाही. ती वर्षानुवर्षे सांभाळलेल्या नोंदींनी वाढेल.