डोळ्यांचा टक्का किती?

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ होती आणि लातूरची २४,५४,१९६. दोन्ही मिळून ५८ लाखांवर. यात अंध आणि अंशतः अंध किती? त्याच जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेले ५,७४,०५२ लोक नोंदले गेले, म्हणजे दर दहा हजारांत ५१. हा दर दोन्ही जिल्ह्यांना लावला तर सुमारे २९,७०० जण निघतात. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ मध्ये देशासाठी ०.२ टक्के हा दर काढला. तो लावला तर साडेअकरा हजार. आणि २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणातला दृष्टिक्षीणतेचा २.५५ टक्के हा दर धरला, तर दीड लाखाच्या घरात.

ही शिरगणती नव्हे, नुसतं त्रैराशिक आहे. तरीही साडेअकरा हजार आणि दीड लाख यांतली तफावत डोळ्यांत भरते. तिसऱ्या आकड्यात चष्मा न मिळालेले आणि मोतीबिंदू न काढलेलेही येतात. पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आहे, म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटतो. उरलेल्यांचा सुटत नाही. त्यांना उपचार नव्हे, हक्क हवे असतात, आणि तिथे मोजणी आडवी येते.

मोजणी कशी फिरते ते पाहा. २००१ मध्ये देशात दृष्टिदोष असलेले १ कोटी ६ लाख होते, २०११ मध्ये ५० लाख ३२ हजार. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांना दिसू लागलं, असा चमत्कार झाला नव्हता. २००१ मध्ये एका डोळ्याने अधू असलेला माणूस धरला होता, २०११ मध्ये तो वगळला. धूसर दिसणाऱ्यांसाठीही वेगळी चाचणी आली. गंमत म्हणजे महाराष्ट्राचा आकडा फारसा हलला नाही. तो ५,८०,९३० होता, ५,७४,०५२ झाला.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मात्र जनगणनेची व्याख्या चालत नाही, तिथे टक्का चालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याची पायरी ४० टक्क्यांची. चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांची नजर ६/२४ ते ६/६० यांत असेल तर ४० टक्के. दोन्ही डोळे ६/६० च्या खाली पण ३/६० पर्यंत असतील तर ७० टक्के. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के, म्हणजे यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचं पांढरं कार्ड हातात, पण आरक्षणाचं दार बंद. ४० पासून पिवळं कार्ड, ८० पासून निळं.

कायद्याची पायरी ४० वर आहे म्हणून सगळ्या योजना तिथूनच सुरू होतात असं नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. म्हणजे दोन्ही डोळ्यांनी ६/६० सुद्धा न दिसणारा ७० टक्केवाला बाहेर. आणि ही एवढी गाळणी कशासाठी, तर महिना ३०० रुपयांसाठी. २०१२ पासून त्यात एका रुपयाची भर पडलेली नाही. त्या मानाने राज्याचा हात सैल. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झाली. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत हवं. मोठा भाऊ शिपाई म्हणून लागला की घरातल्या अंध बहिणीचा ‘निराधारचा पगार’ बंद. हक्क तिचा, हिशेब भावाच्या मिळकतीचा!

काही आकडे तर कागदावर नसतात, बोटांना लागतात. जुनी पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब होती, शंभरची १५७, पाचशेची १६७. दहा-दहा मिलिमीटरचा फरक बोटांना सहज कळे. नव्या मालिकेत शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनची पट्टी घेऊन पैसे मोजायला बसलेल्या अंध शेतकऱ्याने शंभर आणि दोनशेच्या नोटा चार मिलिमीटरवरून ओळखायच्या. यावर मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने उच्च न्यायालयात दाद मागितली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला नोट ओळखणारं ‘मणी’ हे ॲप आणलं. म्हणजे रोकड मोजायची तर आधी स्मार्टफोन घ्या.

लातूर म्हटलं की वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ आलीच. दृष्टिदोष ४० टक्के किंवा अधिक असलेल्याला एमबीबीएस नाही, असं २०१९ ची नियमावली सांगत होती. उपकरणांच्या मदतीने टक्का खाली आला तर गोष्ट वेगळी. इतर शिक्षणात पाच टक्के जागा मिळवून देणारा टक्का इथे दार लावून घेत होता. मग महाराष्ट्रातल्याच एका वाचादोष असलेल्या विद्यार्थ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं, की निव्वळ टक्क्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम झेपेल की नाही, हे दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळाने तपासावं. ३ मार्च २०२५ ला त्याच न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला.

हे निकाल कुणीतरी भांडल्यामुळे आले. तालुक्याच्या गावात तेच भांडण लहान असतं आणि रोजचं असतं. बँकेतला साहेब प्रश्न विचारतो तो सोबतच्या डोळस माणसाला. चेकबुक मागितलं की ‘घरच्या कुणाला घेऊन या’. रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ च्या परिपत्रकानुसार अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यांतलं काहीही नाकारता येत नाही. त्या परिपत्रकाची प्रत खिशात असली की काउंटरवरची भाषा बदलते.

सरकारी नोकरीत याहून नेमकं हत्यार आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि नोकरीतल्या भेदभावाच्या नोंदलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हा समिती आहे. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. नांदेड असो वा लातूर, सरकारी नोकरीत भेदभाव झाला की पहिला प्रश्न या अधिकाऱ्याच्या नावाचा विचारावा. तक्रार लेखी द्यावी आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण चौदा दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.